'वैमानिकाची चूक' एवढ्याने हिशेब मिटत नाही

विमान कोसळले की 'मानवी चूक' हे दोन शब्द मोठ्या तत्परतेने पुढे केले जातात. दोष एका माणसाच्या माथी मारला की व्यवस्था नामानिराळी राहते. चरखी दादरीची दुर्घटना याच दृष्टीने तपासून पाहिली पाहिजे.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील या गावाजवळ सौदी अरेबियाचे बोईंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन-७६ आकाशात एकमेकांवर आदळून दोन्ही विमानांतील सर्व ३४९ माणसे ठार झाली. सौदी विमानात पोटासाठी अरबस्तानात निघालेले भारतीय कामगार मोठ्या संख्येने होते.

दिल्लीच्या नियंत्रकाने उतरणाऱ्या कझाक विमानाला १५,००० फुटांवर, तर चढणाऱ्या सौदी विमानाला १४,००० फुटांवर राहण्याचा आदेश दिला होता. समोरून विमान येत असल्याची सूचनाही दिली होती. तरीही कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीखाली आले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने दुर्घटनेचे मूळ कारण म्हणून यावरच बोट ठेवले. तो दोष नाकारण्याचे कारण नाही.

परंतु तो घडला कसा? नियंत्रकाशी बोलत होता विमानातील रेडिओचालक. विमान हाकत होते दुसरेच. इंग्रजीचे ज्ञान अपुरे. १५,००० फूट गाठल्याचे रेडिओवर कळविले गेले आणि विमान मात्र खाली येतच राहिले. आदेश उच्चारला गेला, पोचही मिळाली. पण तो अमलात आला की नाही हे पडताळणार कोण? विमानाची उंची पडद्यावर दाखविणारे दुय्यम रडार दिल्लीत तेव्हा कार्यान्वित झालेले नव्हते. वैमानिक सांगेल तीच उंची खरी मानणे नियंत्रकाला भाग होते. त्यातच येणाऱ्या व जाणाऱ्या विमानांना मार्ग एकच होता.

१९९४ साली कायदा बदलून खाजगी कंपन्यांना आकाश खुले करण्यात आले, तेव्हा राज्यकर्त्यांनी विलक्षण घाई दाखविली. वाढत्या वाहतुकीला पेलणारी सुरक्षायंत्रणा उभारताना ती घाई कोठे गेली होती? जाण्यायेण्याचे मार्ग वेगळे करणे, टक्कर टाळणारे उपकरण विमानांत सक्तीचे करणे, ही पावले पडली ती ३४९ बळी गेल्यानंतर. म्हणजे उपाय अज्ञात नव्हते. त्यांना अग्रक्रम नव्हता.

माणूस चुकणारच. थकलेला, अपुरे प्रशिक्षण मिळालेला, परक्या भाषेत अडखळणारा माणूस अधिक चुकणार. त्याची चूक वेळीच पकडणारी यंत्रणा उभी करणे हे शासनाचे कर्तव्य आहे. म्हणून यापुढे 'वैमानिक चुकला' असे सांगण्यात येईल, तेव्हा कामगार चळवळीने आणखी तीन प्रश्न विचारले पाहिजेत : त्याला किती तास राबविले होते? त्याला काय शिकविले होते? आणि त्याची चूक सावरण्यासाठी कोणती व्यवस्था होती? याची उत्तरे मिळेपर्यंत कोणतीही चौकशी पूर्ण झाली असे मानता येणार नाही.