सायकल : संस्कृती की गरिबी?

अ‍ॅमस्टरडॅममधील सायकलीला आपण ‘संस्कृती’ म्हणतो आणि फुलसावंगीतील सायकलीला ‘गरिबी’. हा शब्दभेद आम्हांस खटकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर डच रस्तेही मोटारींनी व्यापले होते. १९७१ साली तेथे रस्ते-अपघातांत ३,००० हून अधिक माणसे दगावली. त्यांत ४०० हून अधिक मुले होती. ‘मुलांचे खून थांबवा’ म्हणत पालक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे सायकलींच्या स्वतंत्र मार्गांचे जाळे वाढू लागले. सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे मात्र पुढील दशकांत स्कूटर-मोटारसायकलींच्या स्वाधीन झाले. संस्कृती नुसत्या वारशाने टिकत नाही. तिच्यासाठी भांडावे लागते. सायकलने शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलींसाठी रस्त्याची सुरक्षित कड मागणे, हेही आम्ही सांस्कृतिक कार्यच मानतो.