दगडालाही दुखतं, बरं का!



गाविलगडाचे सगळ्यांत मोठे शत्रू कोण? सांगा पाहू!

इतिहासाचे पुस्तक वाचणारे चटकन हात वर करतील आणि म्हणतील, ‘‘इंग्रज!’’ उत्तर चूक नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याला लागूनच असलेला हा किल्ला तेव्हा नागपूरकर भोसल्यांकडे होता. डिसेंबर 1803 मध्ये आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने तोफा डागून तटाला भगदाड पाडले आणि 15 तारखेला किल्ला घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. हाच वेलस्ली पुढे 1815 मध्ये वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनला भारी पडला. म्हणजे शत्रू काही साधासुधा नव्हता!

पण ती लढाई थोड्याच दिवसांत संपली. गडावर आज दिसणारी पडझड सगळीच काही तोफांनी केलेली नाही. त्यानंतर दोनशेहून जास्त वर्षे दुसरेच शत्रू तिथे मुक्काम ठोकून आहेत. त्यांच्याजवळ ना तोफ, ना तलवार!

आमच्या धारणीच्या वर्गात हे सांगितले, तेव्हा मागून एक आवाज आला, ‘‘पण बाई, दगडाले काय होते जी? तो तं दगडच हाय!’’ प्रश्न अगदी बरोबर. चला, एकेका शत्रूला भेटू या.

पहिला शत्रू पाण्याचा थेंब. मेळघाटातला पाऊस तुम्हांला मी काय सांगू! हे पाणी दगडांच्या सांध्यांत शिरते, तिथला चुना हळूहळू धुऊन नेते. पाण्यात विरघळलेले क्षार दगडाच्या आत जातात. पाणी सुकले की क्षारांचे खडे बनतात, फुगतात आणि दगडाचा पापुद्रा आतून ढकलतात. भिंतीला ‘लोणा लागला’ असं आजी म्हणते ना, तेच हे! करून पाहा : एका ताटलीत मिठाचे पाणी घ्या आणि त्यात विटेचा तुकडा उभा ठेवा. काही दिवसांनी विटेवर पांढरी पूड दिसेल. बोट लावाल तर विटेची भुकटीही हाताला लागेल.

दुसरा शत्रू आहे पिंपळाचे बी. पाखरू फळ खाते, तटावर बसते आणि बी सांध्यात पडते. कोवळे मूळ पाण्याच्या शोधात आत शिरते. आधी दोऱ्याएवढे, मग बोटाएवढे, मग मनगटाएवढे! लाकूड फोडताना पाचर ठोकतात ना, तसेच. झाड मोठे झाल्यावर उपटायला जाल, तर भिंतच अंगावर येईल. कंबोडिया देशातल्या ता प्रोम मंदिरावर अशी प्रचंड झाडे वाढली आहेत. तिथे दुरुस्ती करायला आपल्या भारताचे तज्ज्ञ गेले. झाड आणि दगड, दोघांनाही सांभाळत काम करावे लागले.

दगडावर करडे-हिरवे ठिपके दिसतात, तेही काही साधे नाहीत. आईच्या मसाल्यातल्या दगडफुलाचे ते भाऊबंद. त्यांच्यातून आम्ल पाझरते आणि दगडाचे कण सुटे होतात.

तिसरा शत्रू मात्र सहलीच्या गाडीतून येतो! खिशात खिळा नाहीतर खडू असतो. नाव कोरायला दोन मिनिटे लागतात, पण ती ओरखड सहसा पुसली जात नाही. झाडाला पुन्हा पालवी फुटते, दगडाला फुटत नाही.

आता चौथ्याचे नाव ऐकून नवल वाटेल. चौथा शत्रू म्हणजे चुकीचे औषध! जुन्या मूर्तीला प्रेमाने ऑइलपेंट फासतात, फटीत सिमेंट भरतात. जुने गवंडी चुना घाणीत मळत. कुठे कुठे गूळ आणि बेलफळाचा गरही घालत. त्या चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट ओल अडवून धरते, मग ती दगडातून वाट काढते आणि दगडच झिजतो. मोठमोठ्यांनाही हे भोवले आहे. ग्रीसमध्ये अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुरुस्ती झाली, तेव्हा लोखंडी पट्ट्या घातल्या. लोखंड गंजून फुगले आणि संगमरवर तडकला! पुढे त्या काढून न गंजणाऱ्या टायटॅनियम धातूच्या बसवाव्या लागल्या.

म्हणून जुन्या वास्तूची दुरुस्ती जाणकारांनीच करावी. 1861 मध्ये स्थापन झालेले भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण हे काम करते. 1958 च्या कायद्याने संरक्षित स्मारकांची नासधूस हा गुन्हा आहे. 2010 मधल्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

‘‘मग आम्ही काय करायचं?’’ सांगते. गाविलगडावर गेलात, तर दिल्ली दरवाजावरचे गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचा पक्षी, जरूर पाहा. पाहा, पण हात लावू नका, वर चढू नका. सांध्यात रोपटे दिसले तर स्वतः उपटू नका, तिथल्या राखणदाराला सांगा.

आणि गडावर जाणे जमले नाही तरी तुमच्या गावात जुनी बारव, वेस किंवा देऊळ असेलच. घरच्या मोठ्यांना सोबत घ्या. त्या वास्तूच्या एकाच कोपऱ्याचे चित्र काढा, नाहीतर फोटो घ्या, आणि खाली तारीख घाला. पावसाळा संपला की पुन्हा तिथेच उभे राहून दुसरे चित्र काढा. फट रुंदावली का? नवे रोप उगवले का? वहीत लिहून ठेवा आणि ग्रामपंचायतीत नेऊन दाखवा. जाणकारसुद्धा कामाला हात घालण्यापूर्वी असेच करतात, बरं का : आधी नीट पाहतात, मग लिहून ठेवतात.

मग वहीचे पहिले पान कोणत्या दगडाचे?

तुमच्या बाई