वामनवृक्ष : एकट्याचे काम नव्हे!



सिंदखेडराजा तालुक्यातल्या दुसरबीडला तुम्ही बोन्साय, म्हणजे वामनवृक्ष, करायला बसलात, तर घरातले वडीलधारे विचारतील, ‘बांधावर एवढी जागा असताना झाड ताटलीत कशाला?’ दुसरे कोणी म्हणेल, ‘झाडाला असे खुरटवणे पाप आहे.’ पुण्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये बोन्सायचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते; पण खेड्यात हे दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात.

पापाचा प्रश्न आधी घेऊ. वामनवृक्ष ही झाडाची बुटकी जात नव्हे. पावसाळ्यात एकाच वडाच्या दोन फांद्या लावा. एक उथळ कुंडीत, दुसरी बांधावर. काही वर्षांनी पहिली हातभर असेल, दुसरी सावली देऊ लागेल. आनुवंशिक गुण मात्र दोघींचे तेच! फांदीच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचे संप्रेरक तयार होते. ते खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा खुडला की बगलेचे डोळे फुटतात आणि झाड उंच न होता दाट होते. दोन-तीन वर्षांनी थोडी मुळे छाटली की नवी बारीक मुळे येतात. पाणी शोषण्याचे काम मुख्यतः तीच करतात. कुंपणाची मेंदी आपण कापतोच ना? तेव्हा छाटणीत क्रूरता आहे, असे मला वाटत नाही.

क्रूरता आहे ती विसरण्यात. बांधावरच्या वडाची मुळे ओलाव्यासाठी खोल जातात. कुंडीतल्या वडाला चार बोटे मातीबाहेर जाताच येत नाही. मे महिन्याच्या उन्हात ती माती एका दिवसात सुकते. आणि नेमके तेव्हाच तुम्ही मामाच्या गावाला जाता! परत येऊन पाहावे, तर कुंडीत काटकी उरलेली.

म्हणून माझे मत असे, की चार-पाच सोबती मिळाल्याशिवाय या छंदाला हात घालू नये. पाण्याच्या पाळ्या ठरवा. छाटणीची तारीख, पानांची लांबी एका वहीत लिहा. शेतातली काळी माती नुसती वापरू नका. ती भिजली की चिकट होते, वाळली की भेगाळते. तिच्यात विटांचे बारीक तुकडे, जाड रेती व कुजलेला पाला मिसळा. प्रत्येकाने प्रमाण निराळे ठेवावे; कोणते बरे, ते वर्षाअखेर वहीच सांगेल. रानातली जुनी झाडे मात्र उपटून आणू नका.

हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाकडे १६२५ पासून कुंडीत जोपासलेला एक पाइन होता. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब सुमारे ३ किलोमीटरवर फुटला. तरी भिंतीच्या आडोशाने तो वाचला. १९७६ मध्ये त्यांनी तो अमेरिकेला भेट दिला. आज तो वॉशिंग्टनमध्ये आहे. चारशे वर्षांत पाणी घालणारे हात बदलले. पाणी थांबले नाही.

आता बांधाचा प्रश्न. त्याचे उत्तर सोपे आहे : तिथेही लावा! कुंडीतला वड निरखण्यासाठी, बांधावरचा सावलीसाठी. पण कुंडीतल्याची पाळी आज कोणाची आहे, ते आधी ठरवा.