प्रमाणपत्रालाही मर्यादा असते



‘ताई, आमची कंपनी आयएसओ आहे,’ हे वाक्य हल्ली पाण्याचे फिल्टर विकणाऱ्यापासून हळद-तिखटाच्या स्टॉलपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. सोबत सोनेरी काठाचं, लॅमिनेशन केलेलं प्रमाणपत्र. आपण दुरून बघतो आणि मान डोलावतो. पाणी दुहेरी फडक्यातून गाळणाऱ्या आपण, कागद मात्र न गाळताच घेतो. माझं म्हणणं एवढंच की तो हातात घ्यावा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा.

बऱ्याच जणींना ठाऊक नसतं, पण जिनिव्हाची आयएसओ ही संस्था फक्त मानकं तयार करते, प्रमाणपत्र कुणालाच देत नाही. ते देतात वेगळ्या प्रमाणन संस्था. कागदावर देणाऱ्या संस्थेचं नावच नसेल, तर पुढे वाचायची गरज नाही. नाव असेल, तर तिला मान्यता कुणाची ते बघायचं. आपल्याकडे भारतीय गुणवत्ता परिषदेचं एनएबीसीबी हे मंडळ अशी मान्यता देतं आणि मान्य संस्थांची यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते. कंपनीचं नाव आयएएफ सर्टसर्चवरही शोधता येतं. तिथे सापडलं नाही, तर देणाऱ्या संस्थेला सरळ फोन करा. फोन नंबर मात्र त्याच कागदावरचा घेऊ नका. कागद खोटा असेल तर नंबरही त्यांच्याच माणसाचा असणार!

मग तारीख. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७, हे आपल्याला सासूबाईंनी शिकवलं. आयएसओ ९००१ ची मर्यादा साधारण ३ वर्षं, तीही दरवर्षी तपासणी झाली तरच.

पण खरी गोम तारखेत नाही. आमच्या महिला मंडळात फिल्टर दाखवायला आलेल्या एका कंपनीच्या प्रमाणपत्रावर ‘स्कोप’समोर लिहिलं होतं, विक्री आणि विक्रीनंतरची सेवा. बस्स. फिल्टर कुठे बनतो, कोण बनवतं, याचा त्यात उल्लेखच नाही. कागद खोटा नव्हता, पण त्यावरून ‘पाणी शुद्ध’ म्हणणं खोटं होतं. आयएसओ ९००१ हे कंपनीच्या कामाच्या पद्धतीबद्दल असतं, वस्तूबद्दल नाही. वस्तूची खात्री हवी तर वस्तूवरची खूण बघावी. प्रेशर कुकरला आयएसआय सक्तीचं आहे. त्या खुणेजवळ सीएम/एल क्रमांक असतो, तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. सोन्यावरचा ६ अक्षरी एचयूआयडी तिथेच तपासता येतो. सराफ ओळखीचा असला तरी तपासावा. ओळखीचा असेल तर त्याला राग यायचं कारणच काय?

आता आपल्या अगदी जवळचं. पाकिटावर ‘जैन’ लिहिलेलं असतं, त्यामागे कुठलंही सरकारी मानक नाही. हिरवा ठिपका शाकाहाराचा. नियमानुसार मध घातलेल्या पदार्थावरही तो चालतो, आणि कांदा, लसूण, बटाट्याशी त्याला काही देणंघेणं नाही. खोट्या आयएसओपेक्षा मला या एका शब्दाची जास्त काळजी वाटते, कारण तो वाचल्यावर आपण घटकांची यादी वाचायचं सोडून देतो. यादी वाचाच. आणि त्याच यंत्रावर, त्याच तेलात दुसरं काय बनतं, हे पाकिटावरच्या ग्राहक क्रमांकावर विचारा. पर्वात तर नक्कीच.

आपल्यातल्या ज्या बहिणी घरून पापड, मेतकूट, खाकरे विकतात, त्यांनाही फोन येतात: ‘दोन दिवसांत आयएसओ देतो, फक्त पैसे पाठवा.’ कुणी येऊन तुमचं स्वयंपाकघर पाहिलं नाही, माल कुठे ठेवता हे विचारलं नाही, तर ते प्रमाणपत्र नव्हे, छपाई आहे. ते पैसे वाचवा आणि आधी एफएसएसएआयची नोंदणी करा, ती घरगुती धंद्यालाही लागतेच. नोंदणी म्हणजे उत्तम दर्जाची हमी नव्हे, पण तिचा १४ अंकी क्रमांक फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. एखादी गिऱ्हाईक बाई तो क्रमांक मागेल, तेव्हा तोंड वाकडं करू नका. पाकीट उलटं करून दाखवा.