पोचणे म्हणजे बरे होणे नव्हे

‘कंपवातावर नॅनो-औषध’, ‘औषध आता थेट मेंदूत’ अशा अर्थाचे मथळे हल्ली वरचेवर वाचावयास मिळतात. हे मथळे आशा देतात, पण त्या आशेचे माप सांगत नाहीत, अशी माझी तक्रार आहे.

मुळात अडचण काय आहे? १८८५ साली पॉल अर्लिक या जर्मन शास्त्रज्ञास दिसून आले की, प्राण्याच्या रक्तात रंग सोडला तर बाकीची इंद्रिये रंगतात, मेंदू मात्र कोराच राहतो. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. त्यामुळे रक्तातील घातक द्रव्ये आत जात नाहीत. परंतु बहुतेक औषधांनाही तोच मज्जाव होतो. कंपवातात मेंदूतील डोपामीन कमी पडते, पण बाहेरून दिलेले डोपामीन आत शिरत नाही. त्याचे पूर्वरूप असलेले लेव्होडोपा तेवढे शिरते, कारण प्रथिनांच्या घटकांसाठी असलेली वाट त्यास मिळते. आपल्या रानातील खाजकुइलीच्या बियांत हेच द्रव्य असते.

ज्या औषधाला अशी वाट नाही, त्याच्यासाठी नॅनो-वाहकाची कल्पना निघाली. चरबीसारख्या द्रव्याची, केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाएवढी कुपी करावयाची, तिच्यात औषध भरावयाचे आणि वर लोह वाहणाऱ्या ट्रान्सफेरिन या प्रथिनाचा लेप द्यावयाचा. ओळखीचा पाहुणा समजून पेशी तिला आत घेतात. कल्पना खोटी नाही. उंदरांवर तिचा प्रत्ययही आला आहे. परंतु रक्तात सोडलेल्या कुप्यांपैकी बहुतेक यकृत व प्लीहा गिळून टाकतात. मेंदूच्या वाट्याला थोड्याच येतात.

आणि पोचल्या तरी पुढे काय? गाडी उत्तम असून भागत नाही, गाडीत माल हवा. अल्झायमरवरील लेकानेमॅब हे औषध नॅनो-वाहक नव्हे. ते मेंदूत साचलेले अमायलॉइड कमी करते. तरीही अठरा महिन्यांच्या चाचणीत रोग्यांची घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली, थांबली नाही.

माझ्या आजोबांना कंपवात आहे. अशाच एका मथळ्यावर विसंबून वडील दुभती म्हैस विकावयास निघाले होते. बातमीच्या शेवटच्या ओळीत ‘उंदरांवर’ हा शब्द होता. वडिलांना तो कोण वाचून दाखविणार? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला!

संशोधन व्हावे, त्यावर पैसाही खर्च व्हावा, असेच माझे मत आहे. मात्र प्रयोग कोणावर झाला, औषध किती पोचले आणि रोग्याचे काय सुधारले, हे बातमीच्या पहिल्याच परिच्छेदात आले पाहिजे. ते येत नाही तोवर, मित्रहो, हे तीन प्रश्न आपणच विचारू या. विज्ञान शाखेच्या मित्रांकडे बोट दाखवून चालणार नाही. मजकूर नीट वाचणे हे तर कला शाखेचेच काम आहे.