टीमची यादी कोण करतं?



सुट्ट्या लागल्या किंवा गणपती जवळ आले की ग्रुपवर एक निरोप हमखास फिरतो : ‘क्रिकेटच्या टीम करायच्या आहेत, नावं द्या.’ मग कॉलनीची एक टीम होते, ऑफिसवाल्यांची एक, मंडळाच्या पोरांची एक. मॅच मजेत होते, चहा होतो आणि जो तो आपापल्या गोटात परत जातो. बक्षीस समारंभात मात्र कुणीतरी सांगतंच, ‘खेळामुळे माणसं जोडली जातात.’ आज या वाक्याचं जरा टेस्टिंग करू या. सॉफ्टवेअरवाल्याची खोड, दुसरं काय!

मॅट लो नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं हे टेस्टिंग खरोखर केलं, तेही उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत. क्रिकेटच्या लीग भरवल्या आणि वेगवेगळ्या जातींचे तरुण त्यात उतरवले. कोण कुठल्या टीममध्ये, हे नशिबावर सोडलं. काही टीम एकाच जातीच्या झाल्या, काही सरमिसळ. २०२१ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त निष्कर्ष छापून आले. जे एका टीममधून खेळले, त्यांच्यात जातीबाहेरच्या मैत्री वाढल्या. जे दुसऱ्या जातीच्या मुलांशी समोरासमोर खेळले, त्यांच्यात साधारणपणे उलटा परिणाम दिसला. मैदान तेच, बॉल तोच. फरक पडला तो टीमच्या यादीमुळे.

म्हणजे ‘आमची टीम विरुद्ध त्यांची टीम’ अशी मॅच ठेवून एकोपा वाढेल असं मानणं भाबडेपणाचं आहे. एकाच बाजूनं खेळताना मात्र समोरच्याच्या कॅचवर आपला निकाल अवलंबून असतो. तिथे आडनाव विचारायला फुरसत नसते.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं, नागपूरचं. हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवणारे विजय बारसे सर यांनी पावसात तुटकी बादली लाथाडत खेळणारी वस्तीतली मुलं पाहिली आणि २००१ मध्ये त्यांच्यासाठी ‘झोपडपट्टी फुटबॉल’ सुरू केलं. पुढे त्याचंच ‘स्लम सॉकर’ झालं. २०१६ मध्ये या संस्थेला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) आपण बहुतेकांनी पाहिलाय, तो सरांच्याच कामावर बेतलेला.

इथली मुलं ज्या होमलेस वर्ल्ड कपला जातात, त्याची सुरुवात २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात झाली. त्याचा एक नियम मला फार आवडतो. एका खेळाडूला आयुष्यात एकदाच तिथे खेळता येतं. दुसऱ्या वर्षी जागा नव्या मुलाला. स्टार घडवणं हा उद्देशच नसेल तर नियमही तसा लिहावा लागतो.

पण मैदानावरची बरोबरी मैदानाबाहेर आपोआप येत नाही, हे आपल्याच इतिहासात आहे. पळवणकर बाळू हे डावखुरे फिरकी गोलंदाज, चर्मकार समाजातले. पुण्यात साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची कामं करता करता ते नेटमध्ये बोलिंग टाकू लागले. हिंदूंच्या टीमला ते हवे होते, कारण साहेबांना हरवायचं होतं. पण चहाच्या सुट्टीत बाकीचे आत बसत आणि बाळूंना चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त विकेट घेतल्या, तरी हिंदू टीमचं कप्तानपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते मिळालं त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना, १९२३ मध्ये. विकेट चालतात, कप चालत नाही, अशी ही गोष्ट. ती मुलांना जरूर सांगा.

आता बालाघाटकडे येऊ. आपल्या जिल्ह्यात हिंदी, मराठी, पोवारी, गोंडी अशा किती भाषा कानावर पडतात! बैहरकडे गोंड आणि बैगा, भरवेलीला मँगनीजच्या खाणीतली कुटुंबं, मलाजखंडला तांब्याच्या खाणीतली. १९५६ मध्ये विदर्भ वेगळ्या राज्यात गेला, आपण इकडे राहिलो. त्यामुळे ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपल्यालाही ऐकावा लागतो. बाहेरचं ठरणं म्हणजे काय, हे आपल्याला थोडंफार कळतं. मग आपल्या मैदानावर तरी कुणी बाहेरचं का असावं?

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी चार गोष्टी मांडणार आहे. एक, टीम चिठ्ठ्या टाकून करायच्या आणि सभासद नसलेल्या वस्त्यांतल्या मुलांचीही नावं त्यातच टाकायची. दोन, प्रवेश फी नको आणि बुटांची सक्ती नको. फीच्या एका ओळीनं अर्धी मुलं गळतात. तीन, दर मॅचला कप्तान नवा, मुलींसकट. चार, खेळून झालं की पोहे आणि चहा एकाच पंगतीत, एकसारख्या कपात.

‘मग मंडळाची टीम कुठे राहिली?’ असं काकामंडळी विचारतीलच. ट्रॉफी आपल्या कपाटात येईल की नाही, सांगता येत नाही, हेही खरं. पण सगळ्या टीममध्ये आपली मुलं असतील, तर कुठलीही टीम जिंकली तरी कुणाचं तरी पोर नाचत घरी येईल. आणि त्याच्या तोंडी बैहर रोडच्या नव्या मित्राचं नाव असेल.

तुमचं मत बैठकीत सांगा. विरोध असला तरी या. चिठ्ठ्या करायलाही माणसं लागतीलच!