गल्लीनं निवडलेली बाई



लिंबायत-डिंडोलीच्या वस्त्यांसाठी आरोग्यसेविका निवडण्याचा विषय आपल्या मंडळीत निघाला आहे. पहिला प्रश्न आला तो शिक्षणाचा. दहावी तरी हवी, नर्सिंग झालेली मिळाली तर उत्तमच, असं बहुतेकांचं म्हणणं पडलं. हेतू चांगला आहे. पण माझ्या मते शिक्षण हा पहिला प्रश्नच नव्हे.

प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय पुन्हा उघडून पाहा. यरुशलेमेच्या मंडळीत रोजची वाटणी होत असे आणि ग्रीक बोलणाऱ्या विधवा त्यातून सुटत होत्या. कुणी मुद्दाम करत होतं असं तिथं लिहिलेलं नाही. वाटणाऱ्यांना त्या दिसतच नसाव्यात, असं मला वाटतं. प्रेषितांनी माणसं स्वतः नेमली नाहीत, मंडळीलाच निवडायला सांगितलं. अट होती चांगल्या नावाची, आत्म्याची आणि शहाणपणाची. आता निवडलेल्यांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, निकानोर, तीमोन... सातही नावं ग्रीक. ज्यांची उपेक्षा झाली, त्यांच्याच भाषेची माणसं पुढं आली. हात ठेवून प्रार्थना झाली ती त्यानंतर.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला काम सुरू केलं. दोघंही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. आधी त्यांनीही शिकलेल्या नर्सच खेड्यांत पाठवून पाहिल्या. त्या तिथं रुळेनात, आणि गावच्या बायका त्यांच्यापाशी मन मोकळं करीनात. मग गावानंच आपल्यातली एक बाई द्यावी असं ठरलं. आल्या त्या बहुतेक अक्षरओळख नसलेल्या, कित्येक दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. १९७१ मध्ये त्या भागात जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत. नव्वदीच्या दशकात हा आकडा तिशीच्या आत आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण घरोघर जाऊन बाळंतिणींना धीर देणारे पाय त्या बायकांचे होते.

कुणी म्हणेल, ते खेडं होतं, हे सुरत आहे, इथं दर चौकात डॉक्टर. खरं आहे. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगची बातमी पसरली तेव्हाही डॉक्टर होतेच, आणि त्यातल्या अनेकांनी दवाखाने बंद करून शहर सोडलं. लाखो लोक पळाले. त्यानंतर महापालिकेनं स्वच्छता आणि घरोघरच्या पाहणीचं मोठं काम उभारलं, त्याचा लाभ आपण आजही घेतो. तरीही काही गोष्टी बाहेरच्या माणसाच्या वहीत येत नाहीत. आखाजीला ताप्ती लाईनच्या गाडीनं माहेरी गेलेली सून महिनाभर येत नाही, आणि तिची क्षयाची गोळी तिथं चुकते. सहा महिन्यांचं औषध मध्येच तुटलं की काय होतं हे सांगायला नको. धुळ्याकडे बाळंत होऊन परतलेल्या पोरीच्या बाळाची दहाव्या आठवड्याची लस राहून जाते, कारण ममता कार्ड गुजरातीत आणि विचारणारी ताईही गुजराती. ही सून कधी गेली, ती पोर कधी परतली, हे शेजारणीला माहीत असतं. अहिराणीत चार शब्द बोलणारी शेजारीण असली, तर आणखीच बरं.

न शिकलेली बाई चुकीचं औषध देईल, ही भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. जामखेडचं उत्तर होतं वारंवार शिक्षण. एकदाच शिबिर घेऊन प्रमाणपत्र वाटायचं आणि फोटो काढायचा, असं तिथं नव्हतं. बायका दर आठवड्याला येत, मुक्काम करत, एकत्र जेवत, आपापल्या गावातल्या अडचणी मांडत. वेगवेगळ्या जातींच्या बायका एका छपराखाली झोपत, हेही शिक्षणच. कधी हात लावायचा नाही आणि कधी तडक दवाखान्यात न्यायचं, हे त्यात मुख्य. आपल्या मंडळीत तीन नर्स भगिनी आहेत. त्यांची जागा इथं आहे, शिकवणाऱ्याची. वस्तीत हिंडणारी दुसरी असू द्या.

आता पैशाचं. ‘सेवा आहे, मोबदला कशाला?’ हे वाक्य बैठकीत दोनदा ऐकलं, दोन्ही वेळा पगारदार बांधवांकडून. या बायका घरी साड्यांना स्टोन लावतात, पैसे नगावर मिळतात. आठवड्यातल्या दोन दुपारी आपण घेतल्या तर तेवढ्या साड्या कमी होतात. सरकारनं २००५ पासून उभ्या केलेल्या आशा ताईंनाही नियमित पगाराऐवजी कामागणिक मोबदला मिळतो, आणि त्यासाठी त्यांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर यावं लागलं आहे. मंडळीनं तरी तो पायंडा पाडू नये. प्रभूनं विधवेच्या दोन टोल्यांची दखल घेतली. ते टोले आपण तिच्याकडून मागून घ्यावेत, असा त्याचा अर्थ मला लागत नाही.

म्हणून पाळकसाहेबांना आणि कमिटीला माझी विनंती आहे. अर्ज मागवू नका. प्रत्येक गल्लीत बायकांना एकत्र बसवा, मग त्या आपल्या मंडळीच्या असोत वा नसोत, आणि विचारा: रात्री दोन वाजता पोराला झटके आले तर तुम्ही कुणाचं दार वाजवता? ज्या दाराचं नाव तीन-चार तोंडांतून येईल, त्या दारी आपण जाऊ. तिच्या दोन दुपारींचे पैसे यंदाच्या हंगामाच्या सणाच्या दानातून वेगळे काढावेत, असा ठराव मी येत्या रविवारी उपासनेनंतर मांडणार आहे. अनुमोदनाला कुणीतरी उभं राहा.